पापडांचा पिंजरा

तो पिंजरा मी कुठलाही प्राणी धरण्यासाठी केलेला नव्हता. हे वाक्य मी आतापर्यंत तीनदा लिहून दिलंय, दोनदा कन्नडमध्ये आणि एकदा मराठीत, आणि तिन्ही वेळा खाली सही केलीय. तरी जोयड्याच्या जीपमध्ये कुणी ओळखीचं भेटलं की विचारतंच, "काय गं रक्षिता, किती वानरं घावली?" म्हणून एकदा नीट सगळं लिहून टाकते. सोनिया झोपलीय, म्हणजे माझ्याकडे अर्धा तास आहे. तिनं कूस बदलली तर वीस मिनिटं.

सुरुवात आत्यांच्या डोळ्यापासून झाली. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. त्यांचा डावा डोळा लहानपणीच गेलेला. मळणी चालू असताना भाताचं कुसळ गेलं आणि तेव्हाच्या लोकांनी त्यावर कुठलातरी पाला वाटून बांधला. उरला उजवा. त्यात गेली चार वर्षं मोतीबिंदू पिकत होता. अखेर चैत्रात बेळगावला नेऊन ऑपरेशन केलं. डॉक्टरांनी काळा गॉगल दिला, थेंबांच्या तीन बाटल्या दिल्या आणि कागदावर लिहून दिलं: महिनाभर ऊन, धूर, धूळ टाळा, खाली वाकू नका.

आता आमच्या घरात ऊन, धूर, धूळ आणि वाकणं सोडून आत्यांनी करायचं तरी काय? त्या मधल्या खोलीत खाटेवर बसून राहायच्या. मी विचारायची, "आत्या, दिसतंय न्हवं?" त्या म्हणायच्या, "दिसतंय की." मी विचारायची, "काय दिसतंय?" त्या म्हणायच्या, "दिसायचं ते दिसतंय."

हे उत्तर मला आवडत नव्हतं. पट्टी निघून आठ दिवस झाले तरी त्या पाण्याचा तांब्या चाचपूनच उचलत होत्या. एकदा आमचे हे, म्हणजे सुदेश, सुट्टीला आले आणि काही न बोलता दारात उभे राहिले, तर आत्यांनी विचारलं, "कोण, मास्तर काय?" मास्तर म्हणजे आमचे शेजारी. ह्यांनी ते हसण्यावारी नेलं. मला हसू आलं नाही. एकच डोळा होता आणि त्याचं काय झालंय ते एकट्या आत्यांनाच ठाऊक होतं. विचारलं तर त्या पोलिसाला जबाब दिल्यासारखं बोलत होत्या.

आणि तशात फुलामावशी सहा फणस घेऊन आली.

फुलामावशीचं घर आमच्या मागच्या चढावर. दर वर्षी ती जून झालेले पण न पिकलेले फणस आणते, आत्या आणि ती मिळून पापड करतात, आणि ते पापड खानापूरपासून कॅसलरॉकपर्यंत सगळ्या पाहुण्यांत जातात. हे गेली तीस वर्षं चाललंय. फणस ओट्यावर आदळल्याचा आवाज ऐकून आत्या आतून म्हणाल्या, "ठेव गं फुला. यंदा राहू दे पापडाचं."

त्यांचं 'राहू दे' मी चार वर्षं ऐकतेय. त्याचा अर्थ असा, की पोरगी बाजारला गेली की मी उठते, चूल पेटवते आणि उन्हात बसून सगळं उरकते. मला तो अर्थ कळला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्या, पापड मी करते. तुम्ही या खोलीतून हलायचं न्हाई."

फुलामावशीनं पदर तोंडाला लावला.

"तू?" आत्या म्हणाल्या.

"मी."

"तुझ्या माहेरात सांडगे करतात."

हे काही त्या वाईट बोलल्या असं नाही. खरंच करतात. पण ज्या पद्धतीनं बोलल्या त्यावरून वाटलं असतं की माझ्या माहेरात चोऱ्या करतात.

तर मी केले. हाताला खोबरेल चोपडून फणस फोडले, तरी चीक हाताला, कोयत्याला, दाराच्या कडीला आणि सोनियाच्या केसांना लागलाच. गरे वाफवले, उखळात कांडले, मिरची, मीठ, जिरं घातलं. दोन प्लास्टिकच्या कागदांत गोळा ठेवून वर पाट दाबायचा, की पापड तयार. पहिले दहा पापड गोव्याच्या नकाशासारखे झाले. फुलामावशी म्हणाली, "असू दे, तळल्यावर सगळं गोलच दिसतंय." ती मनानं फार मोठी बाई आहे.

दुपारपर्यंत अंगणात दोन चटया भरल्या. मी आत जाऊन सोनियाला चार घास भरवले, परत आले तर चटयांवर पंगत बसली होती. बारा-चौदा काळ्या तोंडाची वानरं, लेकुरवाळ्यांसकट. एक एक पापड उचलायचा, कडेनं चावायचा, तिखट लागला की टाकायचा आणि दुसरा तरी बरा असेल म्हणून तो उचलायचा. एकानं तर माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता मीठ कमी आहे म्हणून सांगणार.

मी ओरडले. त्यांनी मान वर केली, बाई नवीन आहे हे ओळखलं आणि परत खाली घातली.

खरा घोळ पुढेच झाला. गलका ऐकून आत्या काठी घेऊन उंबऱ्यापर्यंत आल्या, डोळ्यावर गॉगलसुद्धा नव्हता. बाहेर रणरणतं ऊन. मी वानरं सोडून आत्यांकडे धावले, त्यांना धरून आत नेलं. त्या म्हणाल्या, "राखणीला माणूस लागतंय, पोरी. तीस वर्षं मीच बसलेय तिथं काठी घेऊन."

म्हणजे उद्याही वानरं येणार आणि उद्याही आत्या उठणार. पापडांचं काय व्हायचं ते होवो, पण त्या एका डोळ्यासाठी अंगणात अशी व्यवस्था हवी होती, की गलकाच होता कामा नये.

ह्यांना फोन लावला. हे कॅसलरॉक स्टेशनवर असतात. म्हणाले, "दोन दिवस थांब, मी आलो की बघतो. हां, गाडी आली," आणि फोन बंद. आमच्या लग्नातले बहुतेक महत्त्वाचे विषय असे गाडी आल्यामुळे अर्धे राहिलेत. न्हाणीचा गळका नळसुद्धा गेल्या दिवाळीपासून दोन दिवस थांबलाय.

मग शेजारचे नारायण मास्तर आले. मास्तर निवृत्त आहेत, शाळेतूनच फक्त. त्यांनी सांगितलं, बुजगावणं कर. ते कुणाचं कर, हेही सांगितलं. "वानरं भितात फक्त रुक्माबाईंना. तेव्हा रुक्माबाईच उभ्या कर." रुक्माबाई म्हणजे आत्याच. मी त्यांचं जुनं हिरवं लुगडं दोन काठ्यांना नेसवलं, डोक्याला मडकं लावलं, हातात काठी दिली. मास्तर म्हणाले हुबेहूब. सोनिया धावत गेली आणि "आजी, घे" म्हणून हात वर करून उभी राहिली. आजी घेईना, तेव्हा तिनं जो टाहो फोडला तो अर्धा तास थांबला नाही. वानरांची एक पोरसवदा आई आली, आजीच्या खांद्यावर बसली आणि तिथून तिनं चटईचा अंदाज घेतला.

तेव्हा मी ठरवलं, पिंजरा. पण वानरांना कोंडायचं नाही, पापडांना कोंडायचं.

सामान घरातलंच. माडीवरची मोडकी लोखंडी खाट, सोनियाच्या पाळण्याचे चार खांब, आणि कोंबड्या पाळायच्या आमच्या एका जुन्या बेताची उरलेली जाळी. कोंबड्या का नाहीत ते वेगळं प्रकरण आहे, त्यात एक उदमांजर आहे. सोनियाला झोळीत झोपवून मी दोन दुपारी खपले. तार पिळायला पक्कड, पक्कड सापडेना तेव्हा सांडशी. मास्तर भिंतीपलीकडून मोजमाप सांगत होते. त्यांच्या मते काटकोन हा माणसाच्या चारित्र्याचा प्रश्न आहे. माझा पिंजरा थोडा खानापूरकडे कलला होता, पण उभा होता. उंची छातीइतकी, म्हणजे वाकून आत जाता येईल. आत वेळूच्या तीन फळ्या, त्यावर चटया.

कडी मात्र माझ्या डोक्यातून निघालेली. वानराचा हात बारीक, जाळीतून घालून कडी काढायला वेळ लागणार नाही. म्हणून मी दारापाशी जाळी दुहेरी केली आणि बाहेरून अशी जड खुंटी लावली, की दार मिटलं की ती आपली आपण खाली पडून खाचेत बसेल. चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा बसली. ह्यांना फोन करून सांगितलं. म्हणाले, "आतून काढायची सोय?" मी म्हटलं, "आतून कोण काढणार, पापड?" तेवढ्यात गाडी आली.

तिसऱ्या दिवशी सकाळी फॉरेस्टचे गार्ड आले. नागराज नाव, तरुण, इस्त्रीचे कपडे, कन्नड आणि मराठी मिसळून बोलणारे. रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी फोटो काढून पाठवला होता.

"अक्का, एनु हे? काय हाय?"

"पापडांचं आहे."

त्यांनी पिंजऱ्याला एक फेरी मारली. छताला माझ्या दोरीवरून उडालेलं सोनियाचं झबलं अडकलं होतं, ते त्यांनी काठीनं उचलून पाहिलं. "जंगल एरिया हाय अक्का. इथं पिंजरा लावला की पहिला प्रश्न, आत काय. मला तुमचं पटतंय, पण कागदाला पटायला पायजे. कचेरीत एक अर्जी द्या, आमी येऊन बघतो, तंवर याला हात लावू नका."

"आणि पापड?"

त्यांनी जरा विचार केला. "पापडांना काय मनाई न्हाई."

जोयड्याला गेले, सोनियाला कडेवर घेऊन. कचेरीतल्या साहेबांनी एक छापील फॉर्म दिला, कारण पिंजऱ्यासाठी तेवढाच एक फॉर्म होता. रकाने असे: प्राण्याचे नाव. संख्या. कोठून मिळाला. कोणते खाद्य देता. मी साहेबांना म्हटलं, यात माझं बसत नाही. ते म्हणाले, "जसं बसेल तसं बसवा, बाई." तेव्हा मी लिहिलं: पापड. सुमारे तीनशे. फुलामावशीकडून. खाद्य देत नाही, तेच खाद्य आहेत. साहेबांनी ते गंभीरपणे वाचलं, शिक्का मारला आणि म्हणाले गुरुवारी अकराला पाहणी. खाली ते वाक्य कन्नडमध्ये लिहून सही करायला लावली, जे मी अगदी वर लिहिलंय. परतीच्या जीपमध्ये सोनियानं माझ्या अर्जाच्या प्रतीचा कोपरा खाल्ला.

गुरुवारपर्यंत सगळं छान चाललं. पिंजऱ्यातले पापड सुकत होते. वानरं येत, जाळीला नाक लावत, जात. गलका नाही, त्यामुळे आत्या खाटेवर. मी थेंब घालताना विचारायची, "आत्या, किती बोटं?" त्या म्हणायच्या, "तुझ्या हाताला पाचच असणार की." एवढं झाल्यावर मी न्हाणीघरात जाऊन पाणी सोडून उगाच दोन मिनिटं उभी राहायची. ह्यांना सांगावं तर गाडी यायची.

गुरुवारी साडेदहाला वाटलं, साहेब लोक येण्याआधी पापड एकदा उलटावेत. जे पिंजऱ्यात मावत नव्हते ते एका चटईवर बाहेर घातले, समोरच, नजरेखाली. मी वाकून आत गेले. मागच्या फळीपर्यंत पोचले. सोनिया कुठंय हे बघायला मान वळवली तर ती माझ्या मागोमाग आत आलेली होती, आणि शहाण्या मुलीसारखं, मी रोज शिकवते तसं, तिनं आपल्या मागं दार ओढून घेतलं होतं.

खुंटी पाचव्यांदाही बसली.

मी जाळीतून बोट घालून पाहिलं. दुहेरी जाळी. काम चांगलं केलं होतं मी, याबद्दल वाद नाही. फुलामावशी शेतात गेलेली. हाक मारावी तर घरात एकट्या आत्या, आणि बाहेर ऊन. म्हणून हाक मारायची नाही, हे मी पहिल्याच मिनिटाला ठरवलं. अकराला नागराज येणारच होते. सोनिया माझ्या मांडीवर बसून एक ओला पापड चाटत होती, तिच्या मते आम्ही सहलीला आलो होतो.

मग वानरं आली. मोठा हुप्प्या पिंजऱ्याच्या छतावर बसला, त्याची शेपटी माझ्या नाकासमोर लोंबत होती. बाकीच्यांनी बाहेरच्या चटईवर पान मांडलं. दोन पोरं जाळीपाशी येऊन आमच्याकडे टक लावून बघत बसली. त्यांच्या आईनं त्यांना मागं ओढलं, आपण नाही का प्राणिसंग्रहालयात मुलांना ओढत, तशी.

भिंतीपलीकडे मास्तर उगवले. सगळं चित्र पाहून ते म्हणाले, "रक्षिता, हालू नकोस."

"हालायला जागा कुठंय मास्तर? कडी काढा."

"हुप्प्या हाय वर."

"मग त्याला हाकला."

"मी मागल्या आठवड्यात सांगितलेलं, दार आतल्या बाजूला उघडणारं ठेव," मास्तर भिंतीपलीकडूनच म्हणाले.

बरोबर अकराला नागराज आले, सोबत कचेरीतले साहेब, हातात फाईल. दोघं फाटकाशी थबकले. साहेबांनी फाईल उघडून माझा अर्ज पाहिला, मग पिंजऱ्याकडे पाहिलं, मग परत अर्ज पाहिला. "नागराज, यात बाई आणि मूल लिहिलेलं न्हाई," ते म्हणाले.

नागराजनी काठी आपटली. हुप्प्यानं त्यांच्यावर दात विचकले. ते दोन पावलं मागं सरकले. "अक्का, त्याला मारता येत न्हाई. रूल हाय. तो आपणहून उतरेल."

"कधी?"

"ते त्याच्यावर हाय."

सोनिया तोवर शांत होती. पण हुप्प्याचे दात बघून ती किंचाळली. आणि जे व्हायला नको म्हणून मी खाटेचा पिंजरा केला, अर्ज लिहिला, तोंड दाबून बसले, तेच झालं. घराचं दार उघडलं.

"आत्या, बाहेर येऊ नका," मी ओरडले. "ऊन हाय. पाया पडते, आत जा."

आत्या आल्या. डोक्यावरून पदर, डोळ्यावर काळा गॉगल, एका हातात काठी, दुसऱ्या हातात तेलाचा रिकामा डबा. पायऱ्या उतरताना त्यांनी भिंत धरली नाही हे मला तेव्हा कळलं नाही, नंतर आठवलं. त्यांनी डब्यावर काठी अशी हाणली की मास्तर भिंतीमागं खाली बसले. मग वानरांशी त्या जे बोलल्या ते मी इथं लिहीत नाही, साहेबांनीही फाईलमध्ये लिहिलं नाही. हुप्प्या छतावरून उतरला, डाव्या बाजूनं लांबून वळसा घेऊन निघून गेला. पाठोपाठ सगळी पंगत.

आत्या सरळ पिंजऱ्यापाशी आल्या. चार हातांवर थांबल्या. जाळीतून मला बघत राहिल्या. मग म्हणाल्या,

"डाव्या कानातला डूल कुठाय गं तुझा?"

मी कानाला हात लावला. नव्हता.

"आन त्या मधल्या फळीवर, त्या कडेच्या पापडावर केस हाय. लांबच्या लांब. पाहुण्यांना काय पाठवणार हे?"

मला वाटतं मी हसले. नागराज नंतर सांगत होते की अक्का पिंजऱ्यात बसून रडत होत्या, पण ते जरा लांब उभे होते. एवढंच आठवतं की मी सोनियाला पोटाशी धरून म्हणत होते, "व्हय आत्या. केस हाय. माझाच हाय." आणि त्या कडी उचलत म्हणत होत्या, "त्यात एवढं काय खूश व्हायचं?"

साहेबांनी पाहणीचा अहवाल अंगणातच लिहिला: पिंजऱ्यात वन्यप्राणी आढळला नाही. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, डूल हरवला तो पापडात तर नाही? म्हणजे तेही बघावं लागेल, नंतर कुणाच्या घशात गेला तर? साहेब आणि नागराज ओसरीवर बसले आणि सरकारी कामाच्या वेळेत एक एक पापड उजेडाकडे धरून पाहू लागले. मास्तरही आले, त्यांनी पापडांच्या बारा बाराच्या चळती लावल्या. आत्यांना मी आत नेऊन बसवलं होतं. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "हिकडं आणा. तुमच्यानं व्हायचं न्हाई."

खिडकीच्या सावलीत बसून, गॉगल कपाळावर सारून, आत्यांनी पापड बघायला घेतले. बघता बघता बोलत होत्या, जाड हाय, चिरलाय, ह्यो कुठला आकार, हिला मीठ कुणी शिकवलं. मी प्रत्येक वाक्यावर "व्हय आत्या" म्हणत होते. इतकी बोलणी खाऊन इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. ऐंशीच्या आसपास एका पापडाच्या पोटात त्यांना बारीकसा फुगवटा दिसला. डूल त्यातच होता.

पाहुणे मंडळी चहा पिऊन, केस नसलेले पंचवीस पापड बांधून घेऊन गेली. मास्तरही गेले. मी आत्यांचे थेंब घालायला बसले, तेव्हा विचारलं, "खरं सांगा. कवापासून दिसतंय?"

आत्यांनी गॉगल काढून उशाशी ठेवला. मग म्हणाल्या, "पैले आठ-दहा दिस नुसतं धुकं व्हतं. मला वाटलं गेला ह्योबी. तुला सांगितलं असतं तर तू पापड सोडून माझ्या उशाला रडत बसली असतीस. मग चार दिसांमागं खिडकीतनं तू त्या खाटेला तारा गुंडाळताना दिसलीस. सांडशीनं. मला वाटलं, एवढं वाकडं दिसतंय म्हणजे डोळ्यातच कायतरी गडबड हाय. म्हणून गप्प राहिले."

"न्हाई आत्या. तो वाकडाच हाय."

"ते आज कळलं."

सोनिया खाटेवर चढली आणि आजीच्या मांडीवर पसरली. आत्या तिच्याकडे बघत राहिल्या, खूप वेळ. अडीच वर्षांची आहे ती. अडीच वर्षं त्यांनी तिला न्हाऊ घातलं, पावडर लावली, काजळाचं बोट गालावर अंदाजानं टेकवलं. आता त्यांनी तिची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं.

"हिच्या भुवईत तीळ हाय गं."

"जन्मल्यापासून हाय, आत्या."

"मला कुणी सांगितलं न्हाई ते," आत्या म्हणाल्या, आणि अंगठ्यानं तो तीळ हळूच पुसून पाहिला. पुसला गेला नाही तेव्हा त्यांनी पुन्हा एकदा पाहिलं.